विरुद्ध मत समोर आलं की... वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

‘तुमच्या ठाम मताला धक्का देणारं काही ऐकलं की तुम्ही काय करता?’ असं गेल्या अंकात विचारलं होतं. आलेल्या पत्रांत उपदेश मागणारी थोडी आणि ‘नेमकं करायचं काय ते सांगा’ म्हणणारी पुष्कळ निघाली. सारखे प्रश्न एकत्र करून सात इथे घेतले आहेत.

प्रश्न १. कुणी माझ्या मताविरुद्ध बोललं की डोकं सटकतं. ‘जरा थांबावं, विचार करावा’ हे सगळेच सांगतात. मी थांबते, दहापर्यंत आकडे मोजते आणि मग जे बोलणार होते तेच बोलते. थांबून करायचं काय?
— एक गृहिणी

आकडे मोजल्याने राग ओसरतो, मत मात्र तपासलं जात नाही. थांबल्यावर करायचं काम वेगळं आहे आणि ते कागदावर केलेलं बरं. मनातल्या मनात परीक्षा घेतली की आपण स्वतःला फार लवकर पास करतो.

आधी समोरच्याचं म्हणणं एका वाक्यात लिहा. त्यात विशेषणं नकोत, ‘म्हणे’ नको, बोलणारा कोण हेही नको. वाक्य जमत नसेल तर आपण चिडलो आहोत, पण कशावर ते कळलेलं नाही, एवढं तरी समजतं. अशा वेळी उत्तर देण्याऐवजी त्यालाच एक प्रश्न विचारावा. ‘कशावरून?’ हा शब्द ऐकणाऱ्याला आव्हानासारखा लागतो. ‘असं तुम्हाला कशामुळे वाटायला लागलं?’ असं विचारलं की माणूस बोलता होतो.

मग त्या वाक्यात कसला दावा आहे ते पाहा. तो चारांपैकी एक असतो: असं आहे (वस्तुस्थिती), हे त्यामुळे होतं (कारण), हे जास्त महत्त्वाचं (मूल्य), म्हणून हे करा (उपाय). बरेचसे वाद इथेच रुळावरून घसरतात. दुचाकीवर हेल्मेटची सक्ती नको, असं कुणी म्हणालं. तुम्ही ताबडतोब आकडे काढता. हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा २००८ सालच्या एका मोठ्या संशोधन-आढाव्याचा निष्कर्ष आहे. आकडे चोख आहेत, पण समोरच्याने ते नाकारलेलेच नसतात. माझ्या डोक्याचा निर्णय मी घ्यावा की सरकारने, हा त्याचा प्रश्न असतो. तो मूल्याचा दावा करतो, तुम्ही वस्तुस्थितीचा पुरावा देता, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा मुद्दाम वेड पांघरतोय. वस्तुस्थिती आणि कारण पुराव्याने तपासता येतं. मूल्याच्या बाबतीत विचारायचं ते इतकंच: हेच तत्त्व मी दुसरीकडे पाळते का? सक्ती वाईट म्हणणारा माणूस गाडीतल्या सीटबेल्टच्या सक्तीबद्दल काय म्हणतो? आणि सक्ती चांगली म्हणणारी मी, लोकांच्या आणखी किती धोकादायक सवयींवर बंदी घालायला तयार आहे?

तिसरं काम सर्वांत उपयोगाचं. आवडत्या मताला आपण विचारतो, ‘हे मानता येईल का?’ नावडत्याला विचारतो, ‘हे मानावंच लागेल का?’ पहिल्या प्रश्नाला एखादा दाखला पुरतो, दुसऱ्यातून सुटायला एखादी शंका पुरते. म्हणून समोरचा पुरावा उलटा करून बघा. याच माणसाने, याच पद्धतीने, इतक्याच लोकांना विचारून माझ्या बाजूचा निष्कर्ष काढला असता, तर मी तो पुढे पाठवला असता का? उत्तर ‘हो’ असेल, तर आत्ता काढलेल्या खोड्या पुराव्यातल्या नाहीत, आपल्या नावडीतून आलेल्या आहेत.

शेवटी एक ओळ: ‘असं असं दिसलं, तर मी माझं मत सोडेन.’ ही ओळ आणखी वाचन करण्याच्या आधी लिहायची, कारण नंतर लिहिली की ती सोयीप्रमाणे सरकते. काहीच सुचलं नाही, तर हे मत पुराव्यावर उभं नाही, श्रद्धेवर किंवा आपलेपणावर उभं आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त वादात त्याला पुरावा म्हणून पुढे करू नये.

एवढ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सगळ्यात जास्त फसतं ते इथे: समोरच्याच्या दहा वाक्यांतलं सर्वांत कच्चं वाक्य आपण उचलतो, ते खोडतो आणि पूर्ण म्हणणं खोडल्याचं समाधान मानतो. म्हणून एका वाक्यात लिहिताना त्याचं सर्वांत पक्कं वाक्य निवडा.

प्रश्न २. मी एकांगी नाही. दोन्ही बाजूंचं नियमित वाचतो. तरी दर वेळी माझं आधीचंच मत पक्कं होतं. मग ते बरोबर आहे असं समजायला काय हरकत आहे?
— निवृत्त अभियंता

हरकत आहे, आणि ती प्रयोगांतून पुढे आलेली आहे. १९७९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी ४८ विद्यार्थी घेतले. निम्मे फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे, निम्मे विरोधातले. प्रत्येकाला दोन अभ्यास वाचायला दिले: एकात फाशीमुळे गुन्हे घटतात असं, दुसऱ्यात घटत नाहीत असं. दोन्ही अभ्यास संशोधकांनीच रचलेले होते. तेच कागद वाचून दोन्ही गटांनी आपण आपापल्या मतावर आणखी घट्ट झाल्याचं सांगितलं. आपल्या बाजूच्या अभ्यासाची पद्धत त्यांना चांगली वाटली आणि दुसऱ्यातल्या उणिवा लगेच दिसल्या. म्हणजे ‘दोन्ही बाजूंचं वाचून मत पक्कं झालं’ हा अनुभव बरोबर असलेल्यालाही येतो आणि चुकलेल्यालाही. त्यावरून काहीच ठरत नाही.

१९८४ मध्ये लॉर्ड आणि लेपर यांनी एलिझाबेथ प्रेस्टन यांच्यासोबत याचा पुढचा भाग केला, आणि आमच्या मते या विषयातला सर्वांत कामाचा निष्कर्ष तोच आहे. काहींना सांगितलं की न्यायाधीशासारखं निःपक्षपाती राहा. काही फरक पडला नाही. दुसऱ्यांना सांगितलं की प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारा, याच अभ्यासाचा निकाल उलटा लागला असता तर मी त्याला हेच गुण दिले असते का? त्यांच्यातला पक्षपात दिसेनासा झाला. आपण निःपक्षपाती आहोत असं प्रत्येकालाच वाटतं, त्यामुळे तसं राहायला सांगून काही हलत नाही. ठरावीक प्रश्न विचारल्याने हलतं. पहिल्या उत्तरातली ‘उलटा करून बघा’ ही पायरी इथूनच आली आहे.

तुम्ही अभियंता आहात, म्हणून एक छोटी चाचणी सुचवतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी ती १९६० मध्ये प्रसिद्ध केली. घरातल्या कुणाला सांगा: ‘२, ४, ६ हे आकडे माझ्या मनातल्या नियमात बसतात. तू आणखी तीन-तीन आकडे सांग, ते बसतात का एवढंच मी सांगेन. खात्री झाली की नियम सांग.’ बहुतेक जण ८, १०, १२ म्हणतात, मग २०, २२, २४. दर वेळी ‘बसतं’ ऐकून आत्मविश्वासाने सांगतात: दोनदोनने वाढणाऱ्या सम संख्या. मनातला नियम असतो फक्त ‘चढत्या क्रमाने’. १, २, ५० हे तीन आकडे विचारले असते, तर पहिल्या फटक्यात अंदाज कोसळला असता. ‘नाही’ उत्तर येईल असं वाटणारा प्रश्न आपण टाळतो. तुमच्या वाचनाला हेच लावून बघा. विरुद्ध बाजूचं वाचताना तुम्ही त्यांची चूक शोधता, की जिथे तुमचं मत मोडू शकेल ती जागा?

वाचायला काय घ्यावं, हेही महत्त्वाचं. नुसतं समाजमाध्यमांवर विरुद्ध बाजूच्या लोकांचे संदेश वाचून भागत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना पैसे देऊन महिनाभर ट्विटरवर विरुद्ध पक्षाच्या बाजूचे संदेश दाखवले, दिवसाला २४. रिपब्लिकन मंडळी महिनाअखेर आधीपेक्षा जास्त कट्टर झाली. डेमोक्रॅट मंडळीही किंचित आपल्याच बाजूला आणखी सरकली, पण तो फरक नगण्य होता. तुकड्यातुकड्यांनी येणारं विरुद्ध मत डिवचतं, समजावत नाही. त्यापेक्षा त्या बाजूचा एक लांब लेख घ्या, आणि शक्यतो अशा माणसाचा, ज्याच्याशी तुमचं बाकी बऱ्याच गोष्टींत पटतं. तुमच्याच गोटातला, या एका मुद्द्यावर फारकत घेतलेला लेखक सर्वांत उत्तम. त्याला ‘ते लोक असेच’ म्हणून झटकता येत नाही.

आणि वही ठेवा. आपल्या निष्कर्षाला छेद देणारी गोष्ट दिसली की ती न चुकता आणि लगेच टिपून ठेवायची, असा चार्ल्स डार्विनचा नियम होता. कारण त्याने आत्मचरित्रात दिलं आहे: अशा गोष्टी आणि विचार अनुकूल गोष्टींपेक्षा लवकर विसरायला होतात.

प्रश्न ३. ‘समोरच्याचं मत त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवा, मग खोडा’ असं एका व्याख्यानात ऐकलं. वर्गात मुलांकडून हे करून घ्यायचं आहे, पण मलाच जमत नाही. कसं करायचं?
— माध्यमिक शिक्षिका

ही पद्धत आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत मुरलेली आहे. आधी पूर्वपक्ष म्हणजे विरुद्ध मताची मांडणी, मग त्याचं खंडन, मग सिद्धान्त म्हणजे आपलं मत. पूर्वपक्ष इतक्या ताकदीने मांडलेला असतो की घाईने वाचणाऱ्याला तेच ग्रंथकाराचं मत वाटावं. तुमच्या कामातलंच उदाहरण घेऊ. समजा, तुमचं मत आहे: ‘लहान वर्गांतल्या मुलांनाही रोज गृहपाठ हवाच.’ एक पालक म्हणतात, नको.

कच्चा पूर्वपक्ष असा असतो: ‘पालकांना मुलांचा अभ्यास घ्यायचा कंटाळा आहे, म्हणून त्यांना गृहपाठ नको.’ यात म्हणणं नाही, हेतूवर शेरा आहे. असं वाक्य वहीत दिसलं की सरळ काट मारायची.

मधला असा: ‘गृहपाठामुळे मुलांवर ताण येतो.’ हे खोटं नाही, पण पोकळ आहे. ताण परीक्षेमुळेही येतो, म्हणून परीक्षा बंद करा असं हे पालक म्हणतात का?

पक्का असा: ‘गृहपाठाचा फायदा वयानुसार बदलतो. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात गृहपाठ आणि गुण यांचा संबंध सातवीपासून पुढे ठळक दिसला, सहावीपर्यंत कमकुवत. शिवाय लहान मूल गृहपाठ एकटं करू शकत नाही. ज्या घरात शिकवायला कुणी मोकळं असतं, त्या घरातलं मूल पुढे जातं आणि बाकीची मागे पडतात. म्हणजे फायदा थोडा आणि दरी वाढण्याची शक्यता मोठी. तोच वेळ खेळाला, झोपेला, अवांतर वाचनाला द्यावा.’

आता यावर तुमचं उत्तर बदलतं. ‘सवय लागते’ हे एक वाक्य पुरत नाही. सवय लागते याला आधार काय, ती दहा मिनिटांत लागते की तासाभराने, घरात मदत नसलेल्या मुलासाठी मी काय करणार, हे सांगावं लागतं. कदाचित तुमचं मत ‘रोज गृहपाठ हवाच’ वरून ‘लहान वर्गांना दहा-पंधरा मिनिटांचा, एकट्याने जमणारा’ इथे येईल. कदाचित येणारही नाही. कूपर यांच्या आढाव्यातले बरेचसे अभ्यास सहसंबंधाचे, म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसतात एवढंच सांगणारे होते, त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हा तुमचा आक्षेप योग्यच ठरेल. फक्त मोठ्या वर्गांबद्दलचा अनुकूल निष्कर्षही तशाच अभ्यासांवर उभा आहे. एक मानायचा आणि दुसरा तांत्रिक कारण देऊन फेटाळायचा, हे चालणार नाही.

पूर्वपक्ष जमला की नाही हे आपण ठरवायचं नाही. तो त्या मताच्या माणसाला वाचून दाखवायचा. ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं तो म्हणाला तर पास. ‘साधारण असंच’ म्हणाला तर पुन्हा लिहायचा. वर्गात जोड्या लावा: प्रत्येकाने दुसऱ्याचं मत पाच वाक्यांत मांडायचं आणि गुण समोरच्याने द्यायचे. ‘होकार’ मिळेपर्यंत खंडनाला परवानगी नाही. मुलं पहिल्यांदा विनोदी, नाटकी आवाजात दुसऱ्याचं मत मांडतात, तेवढं लगेच थांबवा, नाहीतर सगळा तास नकलांमध्ये जातो. विषय सुरुवातीला थंड निवडा: वर्गातल्या जागा दर आठवड्याला बदलाव्यात का, वगैरे. पेटलेल्या विषयावर पद्धत शिकवायला गेलात तर विषयच लक्षात राहतो.

प्रश्न ४. म्हणजे पृथ्वी सपाट आहे म्हणणाऱ्यालाही पंधरा मिनिटं द्यायची?
— महाविद्यालयीन विद्यार्थी

नाही. वेळ मोजका आहे, चाळणी हवीच. तीन गोष्टी बघा. यात माझ्यासाठी काही नवीन आहे, की आधीच तपासून झालेलं पुन्हा आलंय? माझं मत चुकीचं निघालं तर कुणाचं नुकसान होतं, आणि किती? आणि समोरचा ‘काय दिसलं तर मी मत बदलेन’ हे सांगू शकतो का?

न्यायसूत्रं या प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या ग्रंथात चर्चेचे तीन प्रकार दिले आहेत: सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची मोडायची ती वितंडा. समोरचा स्वतः काहीच मांडत नसेल, नुसत्या शंका उभ्या करत असेल, तर ती वितंडा आहे. अशी शंका विकतही मिळते. ‘शंका हाच आमचा माल आहे’ अशा अर्थाचं वाक्य एका सिगारेट कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात आहे. धूम्रपान आणि कर्करोग यांच्या संबंधाबद्दल लोकांच्या मनातली शंका जिवंत ठेवणं हेच तेव्हा कंपनीचं काम झालं होतं.

पण चाळणीचा गैरवापरही होतो. ‘ते हसण्यासारखं आहे’ ही चाळणी नव्हे. खंड सरकतात, असं आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडलं, तेव्हा बरेच भूवैज्ञानिक हसले होते. साठच्या दशकात समुद्रतळाचे पुरावे आले आणि मत फिरलं. यात एक बारकावा आहे. खंड कशाच्या जोराने सरकतात, याचं वेगेनर यांचं स्पष्टीकरण खरंच कच्चं होतं, आणि तो आक्षेप योग्य होता. चूक झाली ती पुढे. कारण सांगता येत नाही, म्हणून अटलांटिक महासागराच्या दोन किनाऱ्यांवर सापडलेले सारखे जीवाश्म आणि सारखे खडकही लोकांनी बाजूला सारले.

प्रश्न ५. घरच्या गटावर काका रोज काहीतरी पाठवतात. मी पुरावे देऊन खोडते. ते आणखी पाठवतात. आता बोलणंच कमी झालंय. माझं चुकतंय का?
— नोकरदार तरुणी

पुरावे देणं चुकत नाही, जागा चुकते. चारचौघांसमोर खोडलं की काकांपुढे दोनच रस्ते उरतात: पुतणीसमोर हार मानणं किंवा आणखी एक संदेश पाठवणं. वयाने मोठा माणूस पहिला रस्ता घेत नाही. फोन करा किंवा समोर बसा.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या आपसांतल्या चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत: संधाय संभाषा म्हणजे सलोख्याने केलेली आणि विगृह्य संभाषा म्हणजे झुंजीसारखी. पहिलीचे नियम आजही जसेच्या तसे लागू पडतात. निर्धास्तपणे विचारा, विचारलं तर निर्धास्तपणे सांगा, हरण्याची भीती बाळगू नका, आणि समोरचा हरला तर आनंद दाखवू नका. शेवटचं पाळणं आमच्या मते सर्वांत अवघड.

बोलताना वाक्यं कशी असावीत, यावर अलीकडे बरंच संशोधन झालं आहे. त्याचं सार असं की चार प्रकारच्या वाक्यांनी समोरचा ऐकून घेतो. ऐकल्याची पोच: ‘काका, तुमचं म्हणणं मला असं कळलं, की... बरोबर ना?’ जिथे पटतं तिथलं कबूल करणं: ‘बातम्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हे तर मलाही पटतं.’ स्वतःचा दावा थोडा मऊ ठेवणं: ‘बहुतेक वेळा’, ‘मी वाचलं त्यावरून’. आणि ‘नाही’ ऐवजी होकारार्थी मांडणी: ‘हे खोटं आहे’ पेक्षा ‘मूळ अहवालात आकडा वेगळा दिलाय, दाखवू का?’ बिघडतं कशाने, तर ‘हो, पण’ ने. त्यातला ‘हो’ कुणालाच ऐकू येत नाही. ‘खरं तर’, ‘साधी गोष्ट आहे’, ‘एवढंही कळत नाही का’ यांचंही तेच. स्पष्टीकरणावर स्पष्टीकरण रचत गेलं तरी समोरचा वर्गात बसल्यासारखा होतो. एका बैठकीत एकच मुद्दा घ्या.

पुराव्याने लोक उलटे जास्त हट्टी होतात, असं तुम्ही कुठे वाचलं असेल, तर ती भीती थोडी कमी करा. २०१० मध्ये तसा निष्कर्ष गाजला होता. नंतर थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर ५२ मुद्दे तपासले, तेव्हा तसं उलटणं जवळजवळ दिसलंच नाही. दुरुस्ती दाखवली की वस्तुस्थितीबद्दल लोक थोडे तरी खऱ्याच्या दिशेने सरकतात. काका ‘तो आकडा चुकला’ एवढं मानतील, पण त्यांचा कल तोच राहील. तेवढ्यावर समाधान मानावं.

कल बदलण्याला दुसरा रस्ता लागतो. २०१६ मध्ये डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी घरोघरी जाऊन केलेल्या साधारण दहा मिनिटांच्या गप्पांचा अभ्यास छापला. विषय तृतीयपंथी व्यक्तींबद्दलच्या पूर्वग्रहाचा होता. परिणाम किमान तीन महिने टिकला. त्या गप्पांत आकडे फारसे नव्हते. तुम्हाला कुणी वेगळं म्हणून वागवलं होतं का, असं विचारायचं, न्यायनिवाडा न करता ऐकायचं, आणि मग आपला अनुभव सांगायचा. काकांना त्यांचा अनुभव विचारा. आणि तो ऐकताना आपल्या मताचा एखादा कोपरा हलला, तर तसं त्यांना सांगा. तुम्ही हलणारच नसाल, तर त्यांनी का हलावं?

प्रश्न ६. आमच्या संस्थेच्या बैठकीत सगळे ठराव एकमताने मंजूर होतात आणि नंतर कॉरिडॉरमध्ये कुरबुर चालते. मुद्दाम विरोध करायला एकाला नेमावं का?
— एका संस्थेचे सचिव

नेमलेला विरोधक फार कामाचा नसतो. कॅथलिक चर्चमध्ये संतपद देताना विरुद्ध बाजू मांडणारा अधिकारी १५८७ पासून होता, त्यावरून ही कल्पना सगळीकडे पसरली. पण मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांच्या प्रयोगांत दिसलं, की विरोधक केवळ भूमिका वठवतोय हे माहीत असलं की लोक त्याचं ऐकून आपलंच मत पक्कं करतात. खरोखर वेगळं मत असलेला माणूस चुकला तरी इतरांना जास्त विचार करायला लावतो. तेव्हा असा माणूस शोधा आणि त्याला एकटा पाडू नका. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत, सगळा गट एकमुखाने चुकीचं उत्तर देत होता तेव्हा लोक तीनातल्या साधारण एका वेळी त्याच्या मागे गेले. खरं बोलणारा एक जोडीदार मिळताच हे प्रमाण आधीच्या जवळपास एक चतुर्थांशावर आलं.

बैठकीत करायचं ते असं. ठरावाचा मसुदा दोन दिवस आधी द्या. चर्चेपूर्वी प्रत्येकाने आपलं मत आणि एक धोका चिठ्ठीवर लिहून द्यायचा, नाव न घालता. चिठ्ठ्या सचिवाने मोठ्याने वाचायच्या. अध्यक्षांनी सगळ्यांच्या शेवटी बोलायचं. ते आधी बोलले की पुढच्या चिठ्ठ्या वाचण्यात अर्थ नाही. मोठ्या खर्चाचा विषय असेल तर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली युक्ती वापरा: ‘एक वर्ष उलटलं आहे, हा निर्णय पार फसला आहे, का फसला ते पाच मिनिटांत लिहा.’ ‘फसेल का?’ असं विचारलं तर लोक गप्प बसतात. ‘फसलाय’ असं गृहीत धरलं की कारणं शोधण्यातच हुशारी दिसते, आणि माणसांना हुशार दिसायला आवडतं.

प्रश्न ७. एखादा चांगला मुद्दा ऐकला की मी डळमळतो. पुढच्या आठवड्यात दुसरा ऐकला की परत फिरतो. लोक ‘बिनबुडाचा’ म्हणतात. मत बदलायचं तर किती?
— छोटा व्यावसायिक

‘पटलं’ आणि ‘नाही पटलं’ एवढ्या दोनच खुणा ठेवल्या की असं होतं. मताला खात्रीचा आकडा द्या. समजा तुम्हाला ८० टक्के खात्री आहे, की घरून काम दिलं की काम घटतं. म्हणजे बाजूने ४, विरुद्ध १. मग एक अभ्यास हाती येतो: चीनमधल्या एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला, घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. आता दोन प्रश्न. माझं मत खरं असतं तर असा निकाल दिसण्याची शक्यता किती? आणि ते खोटं असतं तर किती? दुसरी शक्यता पहिलीच्या दुप्पट वाटली, तर विरुद्धच्या १ चे २ करा. ४ ला २, म्हणजे खात्री ८० वरून साधारण ६७ टक्क्यांवर. मत टिकलं, पण सैल झालं. तितकाच वजनदार आणि स्वतंत्र असा आणखी एक पुरावा आला, तर ४ ला ४, म्हणजे ५० टक्के. आता खुशाल ‘मला माहीत नाही’ म्हणा.

‘दुप्पट’ हा अंदाजच असतो, पण तो कमी-जास्त करायला कारणं शोधावी लागतात, आणि विचार तिथेच होतो. या अभ्यासात घरून काम करणारे स्वतःहून पुढे आलेले होते. त्यांचे कॉल मोजता येत होते. प्रयोग संपल्यावर त्यांतल्या साधारण निम्म्या जणांनी पुन्हा कार्यालयच निवडलं. तुमच्या व्यवसायात काम असं मोजता येत नसेल, तर दुपटीऐवजी दीडपट धरा. पण तुमच्या बाजूचा अभ्यास आला की त्यालाही हेच प्रश्न विचारा.

बदल लोकांना सांगताना दोन आकडे आणि कारण सांगावं: ‘आधी ८० टक्के खात्री होती, हे वाचून ती ६७ टक्क्यांवर आली, अजून बाजू बदललेली नाही.’ लोक बिनबुडाचा म्हणतात ते कारण न देता फिरणाऱ्याला.

एक धोका मात्र तुमच्यासारख्यांना जास्त आहे. तेच विधान वारंवार कानावर पडलं की ते खरं वाटायला लागतं, हे १९७७ पासून प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून डळमळलात की आधी विचारा: यात नवीन पुरावा काय आला? सात जणांनी तीच बातमी पाठवली असेल आणि सातही संदेशांचा उगम एकच असेल, तर आकडा एकदाच बदला.